माझे पाय चिकट झाले त्याची गोष्ट

मित्रांनो, मला जुना म्हणा, म्हातारा म्हणा, हवं तर खोकं म्हणा; भंगार तेवढं म्हणू नका. माझा काटा अजून शाबूत आहे आणि त्याला थापा मारता येत नाहीत. मी एक मीटर आहे. तुमच्या दारामागे बसून घराने किती वीज खाल्ली ते सांगतो, तसला नाही. वीज वाटेत किती अडली ते मी सांगतो. अडली की मला आनंद होतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण माझं सगळं आयुष्य या अडण्यावरच उभं आहे.

दिसायला मी काही फार देखणा नाही. एक लाकडी पेटी, पुढे काचेची चकती, तिच्यामागे बारीक काळा काटा. पेटीतून एक वायर निघते आणि तिच्या टोकाला चांदीच्या तारेचे दोन पाय आहेत. त्यातला एक लांब, एक आखूड. नवी मुलं मला पहिल्यांदा बघतात तेव्हा हसतात. हसू देत बापडी. एक पाय भिंतीच्या आत आणि दुसरा बाहेर ठेवायचा असेल, तर पाय लहानमोठेच लागतात.

मला काकांनी घडवलं. काका म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करणारे. त्यांचं खरं नाव कोणी घेत नाही, पंखा कुरकुरला, शीतकपाट गळायला लागलं, दिवा मिचकावायला लागला की "काका!" अशी एकच हाक जाते. बाजारात मिळणारा मीटर काकांच्या पसंतीला उतरेना, म्हणून त्यांनी एका बंद पडलेल्या रेडिओची पेटी घरी नेली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला जुळवायला घेतलं. जुळवून झाल्यावर माझे पाय कशात तरी बुडवून बघायला हवे होते. आधी साधं पाणी झालं, मग मिठाचं पाणी झालं आणि मग काकांनी पाय घातले ते थेट काकूंनी वाढून ठेवलेल्या सूपमध्ये. खारट पाण्यातून वीज सुळकन निघून जाते, त्यामुळे माझा काटा झटक्यात खाली आला.

काका खुशीत म्हणाले, "मीठ जरा जास्त झालंय. हा बघ, काटा सांगतोय."

काकूंनी वाटी उचलली. "मग आता जेवणही त्या काट्याकडेच मागा," त्या म्हणाल्या.

माझ्या आयुष्यातलं पहिलं मोजमाप असं अगदी अचूक निघालं आणि त्यापायी काका उपाशी झोपले. काकांनी माझं नाव ठेवलं काट्या. काकू मला 'सवत' म्हणायच्या.

आता माझं काम सांगतो. तुमच्या पोटात लांबलचक आतडं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या भिंतीचं सगळ्यांत आतलं अस्तर किती जाड असेल? चांगलं चपलेच्या तळव्याएवढं असेल, असं वाटतं ना? ते एका पेशीच्या जाडीचं असतं. बस्स, एकच पेशी! अशा असंख्य पेशी शेजारी शेजारी उभ्या असतात, एकमेकींचे हात घट्ट धरून. आपण खाल्लेल्या अन्नातलं चांगलंचुंगलं त्या आत घेतात आणि घाण, विष, जंतू यांना बाहेरच ठेवतात. हातांची ही पकड जोवर पक्की आहे, तोवर तुम्ही मजेत उड्या मारत असता आणि तुम्हाला त्या पेशींची आठवणही येत नाही.

खऱ्या आतड्यात डोकावणं अवघड, म्हणून आमच्या प्रयोगशाळेत छोट्या छोट्या कपांत तशीच भिंत वाढवतात. बोटाच्या टोकाएवढा कप, त्याला तळाशी बारीक चाळणी. चाळणीवर पेशी सोडायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं आणि उबदार कपाटात ठेवायचं. काही आठवडे गेले की त्या वाढतात, एकमेकींना भिडतात आणि हात धरतात. मग माझी पाळी. माझा आखूड पाय कपात, लांब पाय कपाच्या बाहेर. भिंत पक्की असेल तर वीज अडते आणि काटा ऐटीत उजवीकडे चढतो. भिंत गळकी असेल तर वीज फटीतून निसटते आणि काटा डावीकडे लोळतो.

माझ्या उमेदीच्या काळात दिवसभर एकच प्रश्न ऐकू यायचा, "काटा काय म्हणतो?" मोठी मोठी माणसं चष्मे सावरत माझ्यापुढे वाकायची. काटा चढला की त्यांचे चेहरे खुलायचे. लांबून पाहुणे आले की मला दाखवायला काढायचे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, अर्थात लाकडी पेटीवर जेवढं चढेल तेवढंच.

काकांना माझ्या पायांची फार काळजी. पेशींचा मेलेला केरकचरा चांदीवर चिकटला की काटा अडखळतो. म्हणून त्यांनी एक नियम घातला आणि आपल्या वळणदार अक्षरात पाटी रंगवून भिंतीवर ठोकली: 'आधी कप तीनदा धुवा, मगच काट्याचे पाय आत ठेवा.' धुण्यासाठीचं खारं पाणी काका स्वतः बनवायचे, उकळून, गाळून, बाटलीत भरून. धुतल्याशिवाय कोणी मला हात लावला तर काकांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. पुढे पुढे ही सवय सगळ्यांच्या अंगवळणी पडली. आमच्याकडे धुतात कसे, ते बघायला दुसऱ्या प्रयोगशाळांतली माणसं यायची. कशासाठी धुतात, ते विचारणारा मात्र कोणी नव्हता.

मग नवं यंत्र आलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, निळ्या पडद्याचं. आकडा स्वतःच पडद्यावर दाखवायचं, मोजून झालं की टिंग वाजवायचं. मला उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवलं गेलं आणि माझ्या डोक्यावर रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत आली. तिथून मला सगळं दिसायचं, पण मला कोणी विचारत नव्हतं. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू! पण काका आठवड्यातून एकदा स्टुलावर चढायचे, खोकी बाजूला करायचे, माझी धूळ पुसायचे आणि काचेवर टिचकी मारून विचारायचे, "काय काट्या, जागा आहेस ना?" त्या टिचकीने काटा जरासा हलायचा. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

अशातच ताई आली.

ताई वयाने लहानच, पण पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्यांना इतक्या वेळा "अहो, जेवलात का?" असं विचारलं, की सगळे तिला ताई म्हणायला लागले. ती आपल्या पेशींशीही बोलायची. "उठा बायांनो, हात धरा एकमेकींचे," असं म्हणत कपाट उघडायची. तिची धाकटी बहीण लहानपणी पोटाच्या एका जंतूने फार आजारी पडली होती. औषधाने जंतू मेला, पण त्याच्याबरोबर पोटात राहणारे चांगले, कामाचे जंतूही मेले आणि छोटीला पुन्हा धड जेवायला लागायला फार दिवस गेले. आता छोटी ठणठणीत आहे आणि रोज दुपारी फोन करून ताईला छळते. पण आजारपणातली छोटी ताईच्या डोळ्यांपुढून जात नव्हती. ताईला जंतू मारायचा नव्हता. तिला त्याच्या हातातली कात्री काढून घ्यायची होती.

कात्री म्हणजे काय, ते नीट ऐका. सजीवांच्या अंगात विकरं असतात. त्यांनाच बरेच जण एन्झाइम म्हणतात. त्यांतली काही मोठ्या रेणूंचे तुकडे करतात. तुम्ही खाल्लेल्या घासाचे तुकडे करणारी विकरं तुमच्याही पोटात आहेत, म्हणून कात्रीवर रागावू नका. प्रश्न एवढाच, की ती कोणाच्या हातात आहे. आजार आणणाऱ्या काही जंतूंकडेही अशी विकरं असतात. ताईच्या जंतूकडे दोन प्रकारची होती. एक कात्री पेशींनी धरलेले हात कापायची. हात सुटले की फट पडायची आणि जंतू त्या फटीतून पार. ही कात्री सगळ्यांना माहीत होती. ताईचं म्हणणं होतं, की दुसरी कात्री जास्त महत्त्वाची आहे. आतड्याच्या भिंतीवर एक बुळबुळीत, चिकट थर असतो आणि भिंतीपर्यंत पोचायला जंतूला आधी तो पार करावा लागतो. दुसरी कात्री हा थर कापते. ही एक कात्री काढून घेतली, तर जंतू अंगणातच रुतून बसेल आणि भिंतीला त्याचा हातही लागणार नाही, अशी ताईची खात्री होती.

मग तिने हा चिकट थर, म्हणजे चिकटा, बनवणाऱ्या पेशी मुद्दाम मागवून कपांत वाढवल्या. आमच्याकडे अशा पेशी पूर्वी कोणी वाढवल्याच नव्हत्या. तिने एकाच जंतूचे दोन प्रकारही तयार केले. एक दोन्ही कात्र्या असलेला आणि दुसरा चिकटा कापणारी कात्री काढून घेतलेला. पहिल्याला ती 'कात्रीवाला' म्हणायची, दुसऱ्याला 'बिनकात्रीचा'. कात्रीवाला भिंत फोडेल, बिनकात्रीचा अडकेल, असा साधा हिशेब होता.

पण भिंत दोघांनीही फोडली. ताईने पुन्हा पेशी वाढवल्या, पुन्हा धुतल्या, पुन्हा जंतू सोडले. निळ्या पडद्यावर दोघांचे आकडे सारखेच खाली यायचे आणि ते नवं यंत्र निर्लज्जासारखं टिंग वाजवायचं. वरून बघताना माझा जीव तुटायचा. ताईच्या नाकी नऊ आले. ती पेशींशी बोलेनाशी झाली आणि छोटीचा फोन आला की "नंतर बोलू" म्हणायला लागली.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणजे बाई. बाई कडक, पण सरळ. त्यांनी ताईला बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"तुझी मेहनत मला दिसते," बाई म्हणाल्या. "पण मला फरक दाखव. कात्री काढून घेऊनही जंतू तेच करत असेल, तर ती कात्री बिनकामाची म्हणायची. पेशींची ही शेवटची खेप. यातही फरक दिसला नाही, तर हा विषय बंद करू आणि तुला दुसरं काम देऊ."

ताई "बरं" म्हणाली आणि बाहेर आली. टेबलाशी येऊन तिने छोटीचा फोटो बघितला आणि पालथा घातला. मला तेव्हा हात असते, तर मी तो पुन्हा सुलटा केला असता.

शेवटच्या खेपेच्या पेशी तयार झाल्या तेव्हा नेमके काका आपल्या नातवंडांकडे गेले होते. ताईने नियमाप्रमाणे कप धुवायला घेतले. थाळीतले अर्धे कप धुऊन झाले आणि बाटलीतलं खारं पाणी संपलं. तिने कपाट उघडलं, तर दुसरी बाटली नाही. नवं पाणी बनवायचं तर ते उकळा, गाळा, थंड करा, आणि तोवर जंतू वाट बघणार नव्हते. त्यांची वेळ ठरलेली होती. ताईने कपाळाला हात लावला. "जाऊ दे," म्हणून तिने थाळी तशीच नव्या यंत्रात ठेवली. धुतलेल्या कपांचे आकडे त्याने झटपट दिले. न धुतलेला पहिलाच कप आला आणि लाल दिवा लागला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'नमुना अस्वच्छ'. ताईने बटणं दाबली, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, गोडीगुलाबीने सांगितलं, मग दोन शब्द सुनावलेही. यंत्र ढिम्म हललं नाही.

तेव्हा ताईने वर बघितलं.

मित्रांनो, ती स्टुलावर चढली, माझ्या डोक्यावरची खोकी तिने धडाधड खाली टाकली आणि मला कुशीत घेऊन खाली उतरली. तिने माझे पाय स्पिरिटने पुसले, वाळवले आणि म्हणाली, "काट्या, तू तरी नखरे करू नकोस रे बाबा." मी कसले नखरे करणार! मला नाही म्हणताच येत नाही. पाय घाला, मी मोजतो.

तिने धुतलेल्या आणि न धुतलेल्या, सगळ्याच कपांत माझे पाय घातले. सगळ्या भिंती पक्क्या होत्या आणि काटा चढून बसला. पण न धुतलेल्या कपांत पाय घातल्यावर माझं अंग शहारलं. ई! काहीतरी बुळबुळीत माझ्या आखूड पायाला लागत होतं. इतक्या वर्षांत असं कधी लागलं नव्हतं. मग ताईने काचेच्या बंदिस्त कपाटात हात घालून कपांत जंतू सोडले. दोन्ही बाजूंना, धुतलेल्या आणि न धुतलेल्या कपांत, निम्म्यांत कात्रीवाला आणि निम्म्यांत बिनकात्रीचा. आणि ती वाट बघत बसली.

दुपार कलली तेव्हा तिने पुन्हा मोजायला घेतलं. आधी धुतलेले कप. कात्रीवाल्याने भिंत फोडलेली. बिनकात्रीच्यानेही फोडलेली. काटा दोन्हीकडे लोळला. ताईचे खांदे पडले. "तेच," ती पुटपुटली.

मग न धुतलेले. कात्रीवाल्याच्या कपात माझा पाय गेला आणि मी चकित झालो. सकाळचा चिकटा गायब! नुसतं पातळ पाणी. काटा डावीकडे गेला. ताईने मान हलवली आणि बिनकात्रीच्याच्या कपात पाय घातला. तिथे चिकटा जसाच्या तसा होता, चांगला घट्ट. माझा काटा थरथरला आणि चढत चढत उजवीकडे जाऊन उभा राहिला. भिंत पक्की! मी ओरडून सांगणार होतो, पण मला ओरडायला तोंड कुठे आहे? मी काटा घट्ट धरून ठेवला.

ताईला आधी वाटलं, मीच म्हातारचळलोय. तिने काचेवर टिचकी मारली. काटा हलला आणि परत तिथेच आला. तिने पुढचा कप बघितला, त्याच्या पुढचा बघितला. सगळीकडे तेच. मग तिने माझे पाय दिव्यापुढे धरले. आखूड पायाला एक लांब, चकचकीत तार लोंबत होती, चिकट्याची. ताई त्या तारेकडे बघत राहिली. मग तिने भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. 'आधी कप तीनदा धुवा.'

"अगं बाई," ती म्हणाली. "आम्ही तोच धुऊन टाकत होतो!"

तिला नाचायचं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण जंतू समोर उघडे होते. म्हणून तिने आधी थाळी झाकून कपाटात ठेवली, माझे पाय जंतुनाशकात बुडवले, हातमोजे काढून टाकले, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, पुसले आणि मगच नाचायला सुरुवात केली. शिस्त म्हणजे शिस्त!

"शेंबूड!" ती ओरडत होती. "शेंबूड, शेंबूड, शेंबूड!" कारण नाकातला शेंबूड आणि आतड्यातला हा थर, दोघे अगदी सख्खे भाऊ. माणसं दारातून डोकावायला लागली. एकाने लगबगीने रुमाल काढून दिला. तेवढ्यात छोटीचा फोन आला आणि ताईने "हॅलो"च्या जागीही शेंबूडच म्हटलं. पलीकडून छोटी म्हणाली, "तायडे, तुला बरं नाहीये का?"

गलका ऐकून बाई आल्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती, पण आवाज तसाच कडक राहिला. "एका थाळीने काही सिद्ध होत नाही. आणखी एक खेप वाढव. कुठल्या कपात काय आहे ते मी ठरवीन, तुला कळणार नाही. आणि काका आल्यावर मोज, त्यांच्या हाताइतका स्थिर हात दुसऱ्या कोणाचा नाही."

काकांचं नाव निघालं आणि ताईचा नाच थांबला. काकांना सांगायचं कसं? त्यांनी इतकी वर्षं मायेने घातलेला नियम, स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी! काका परत यायचे होते, तोवर ताई रोज माझ्यापुढे बसून वाक्यं जुळवायची. "काका, तुमचं चुकलं असं नाही, पण..." मग मान हलवायची. "नाही, असं नको." मी तिला काय सुचवणार! काकांनी तो नियम माझ्यासाठी केला होता.

काका आले ते हातात खाऱ्या पाण्याच्या दोन बाटल्या घेऊनच. "पोरी, तुझं पाणी संपलं असणार, म्हणून येताक्षणी हेच केलं," ते म्हणाले. मग त्यांनी मला टेबलावर बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. नव्या खेपेची थाळी तयार होती. काकांनी सवयीने बाटली उघडली आणि पहिल्या कपाकडे हात नेला. ताईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"काका, नको. धुऊ नका."

आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. काकांनी बाटलीचं बूच लावलं. मला काखेत मारलं आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. बाहेर ताई रडवेली होऊन उभी होती.

खोलीत काकांनी मला दिव्याखाली ठेवलं. त्यांनी माझे पाय उचलून बोटांत धरले आणि कितीतरी वेळ निरखले. त्या चांदीवर एक ओरखडासुद्धा नव्हता. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, काका रडताहेत. मी काचेतून नीट बघितलं. काका हसत होते.

"काट्या, लेका," ते म्हणाले, "तुझे पाय जपता जपता मी त्या पोरीची भिंत उघडी पाडली की रे! तुझी काकू तेव्हाच म्हणाली होती, फार लाड करू नका म्हणून." डोळे पुसून ते उठले, खण उघडला आणि चांदीची नवी तार काढली. त्यांनी मला नवे पाय केले, आधीपेक्षा बारीक आणि आरशासारखे गुळगुळीत. दाराबाहेर येऊन ते ताईला म्हणाले, "रडतेस काय? चिकटू दे की ह्याचे पाय. दर कपानंतर आपण पाय धुऊ. भिंत नाही धुवायची."

ताईचा जीव भांड्यात पडला. तिने काकांना वाकून नमस्कारच केला.

मग बाईंच्या देखत मोजणी झाली. कपांवर नुसते आकडे होते आणि त्यांचा अर्थ फक्त बाईंना ठाऊक होता. काका माझे पाय ठेवत होते, ताई काटा वाचत होती. न धुता कपात पाय घालताना पहिल्यांदा काकांचा हात किंचित थबकला, मग पुढे झाला. काटा चढला, लोळला, चढला, लोळला. ताई सांगत गेली, "हा कात्रीवाला. हा बिनकात्रीचा." बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. शेवटचा कप झाल्यावर त्या म्हणाल्या, "पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं. काटा जिथल्या तिथे. तेव्हा बाईंनी चष्मा काढला.

"सगळे बरोबर," त्या म्हणाल्या. आणि एकदम खळखळून हसल्या. "ह्या प्रयोगशाळेत माझं निम्मं आयुष्य लोकांना 'धुवा, धुवा' सांगण्यात गेलं. आता 'धुऊ नका' म्हणून कौतुक करायची पाळी आली. ताई, तुझा विषय चालू राहील. लाग कामाला."

ताईचं काम अजून चालू आहे. त्या कात्रीची धार बोथट करणारं औषध अजून सापडलेलं नाही. ती शोधते आहे आणि मी मोजतो आहे. नवं यंत्रही आहे. स्वच्छ कामं ते करतं, चिकट कामं माझ्याकडे येतात. आमचं आता बरं जमतं. काकांनी जुनी पाटी काढून नवी रंगवली आहे. तिच्यावर लिहिलं आहे: 'आधी बघा. मग वाटलं तर धुवा. काट्याचे पाय मात्र दर वेळी.'

परवा छोटी आली होती. चांगली उंच झाली आहे आणि बोलण्यात ताईलाही मागे टाकते. काकांनी जंतू नसलेली एक थाळी बाहेर काढली, एका कपात माझे पाय बुडवले आणि अलगद वर उचलले. आखूड पायाला ती चकचकीत तार लोंबायला लागली. छोटीने नाक मुरडलं. मग जवळ येऊन बघितलं.

"म्हणजे हा चिकटा तेव्हा माझ्याजवळ असता, तर मी आजारी पडले नसते?" तिने विचारलं.

"होता ना," ताई म्हणाली. "तेव्हाही होता. तुझ्यासाठी एकटा लढत होता आणि आम्हाला कोणालाच ते माहीत नव्हतं."

छोटीने त्या तारेकडे बघून हळूच हात जोडले. मग काकांनी माझे पाय धुऊन पुसले.

मित्रांनो, मला जरूर पुसा. माझ्या डोक्यावर खोकी ठेवू नका आणि अधूनमधून काचेवर एखादी टिचकी मारत जा. जेवणापूर्वी हातही धुवा, तो नियम कोणी बदललेला नाही. पण ज्याला तुम्ही घाण म्हणून पुसून टाकायला निघालात, ते कोणाचं तरी रक्षण करत नाही ना, एवढं पुसण्यापूर्वी बघा. चला, ताईने हाक मारली आहे, नवी थाळी आली. माझे पाय आता पुन्हा चिकट होणार आणि मी फार खुशीत आहे.